जर्नलमधला 'प्रयोग' शब्द सरांनी लाल पेनने खोडला, माझं नक्की काय चुकलं?

तानपुरावाली_ताई

नमस्कार मंडळी, इथं मानसशास्त्र शिकलेलं किंवा शिकवणारं कोणी असेल तर जरा मदत करा. मी ४१ वर्षांची, लेक कॉलेजात गेली तेव्हा मीपण बाहेरून बीएला नाव घातलं, पहिलंच वर्ष, मानसशास्त्र हौसेनं घेतलंय. घरी सातवी-आठवीच्या मुलांच्या शिकवण्या घेते, १८ मुलं आहेत.

तर झालं असं की जर्नलला एक छोटा प्रकल्प करायचा होता. पुस्तकात लिहिलंय की एका परिवर्तकात (म्हणजे कमीजास्त होऊ शकणाऱ्या गोष्टीत) बदल करायचा आणि दुसऱ्यावर काय परिणाम होतो ते बघायचं, याला प्रयोग म्हणतात. मी तेच केलं ना! आधी मुलांची गुणाकारांची २० मार्कांची चाचणी घेतली, सरासरी आली ११. मग दोन आठवडे मुलं अभ्यासाला बसली की मोबाईलवर बारीक आवाजात तानपुरा लावून ठेवला. दोन आठवड्यांनी परत चाचणी घेतली तर सरासरी १४. मी आनंदात लिहिलं, "या प्रयोगावरून सिद्ध होते की तानपुऱ्याच्या सुरांनी एकाग्रता वाढते."

सरांनी 'प्रयोग' शब्दावर लाल रेघ मारली, शेजारी लिहिलं "नियंत्रित गट?" आणि खाली "सहसंबंध म्हणजे कार्यकारण नव्हे". बाहेरून परीक्षा देत असल्यामुळे सर महिन्यातून एकदाच भेटतात, आणि त्या दिवशी मागे वीस जण रांगेत, काय विचारणार कप्पाळ.

माझा प्रश्न असा की मुलं तीच होती, आधीची आणि नंतरची, मग वेगळा गट कशाला हवा? आणि सहसंबंध मी काढलाच नाही तर तो आला कुठून? मार्क ३ ने वाढलेत हे तर खरंय ना.

खडूफळा

ताई, आधी अभिनंदन, कारण बहुतेक जर्नलं मागच्या वर्षीच्या जर्नलवरून उतरवलेली असतात, तुम्ही खरोखर काहीतरी करून बघितलंय. ३१ वर्षं हेच शिकवलं, आता निवृत्त आहे, त्यामुळे लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मार्क वाढले हे खरंच आहे. ते तानपुऱ्यामुळे वाढले का, हा प्रश्न आहे. त्या दोन आठवड्यांत तानपुऱ्याशिवाय आणखी काय काय झालं ते आठवा बघू. मुलांनी रोज पाढे म्हटले असतील. शाळेत घटक चाचणी जवळ आली असेल. दुसऱ्या वेळी पेपरचा बाऊ कमी झाला असेल, वेळ कसा पुरवायचा हे कळलं असेल. पेपर तोच होता का? तोच असेल तर अर्धी पोरं उत्तरं पाठच करून आली असणार. आणि पहिल्या दिवशी जी दोन-तीन कच्ची मुलं होती ती दुसऱ्या दिवशी हजर होती का? सरासरी वाढायला एखादं कच्चं पोर गैरहजर राहिलं तरी पुरतं.

आता यातलं प्रत्येक कारण त्या ३ मार्कांवर हक्क सांगणार. कोणाचा हक्क किती हे तुम्ही कसं ठरवणार? म्हणून दुसरा गट. त्या गटाच्याही आयुष्यात तेच दोन आठवडे जातात, तेच पाढे, तीच घटक चाचणी, तोच सराव, फक्त तानपुरा नाही. तो गटही ११ वरून १४ वर आला तर तुमच्या तानपुऱ्याचा वाटा शून्य. तो १२ वर राहिला तर मग बोलायला जागा आहे. नियंत्रित गट म्हणजे "हे केलं नसतं तर काय झालं असतं" याचं उत्तर देणारी मुलं, बाकी काही नाही.

आणखी एक विचारतो, रागावू नका. हा तानपुरा लावायचं तुमच्या मनात कधी आलं? चाचणी वाईट गेल्यावर का? तसं असेल तर एक गंमत सांगतो. डॅनियल कानमन, मानसशास्त्रज्ञ असून २००२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते, तरुणपणी इस्रायलच्या हवाई दलातल्या प्रशिक्षकांना शिकवत होते. त्यांनी सांगितलं की शिक्षेपेक्षा शाबासकीने माणूस लवकर शिकतो. एक जुना प्रशिक्षक उठून म्हणाला, साफ चूक, मी ज्याला शाबासकी देतो तो पुढच्या वेळी बिघडवतो आणि ज्याला झापतो तो सुधारतो, रोज बघतो मी. त्याचं बघणं खरं होतं, अर्थ चुकीचा होता. एखादं उड्डाण फार चांगलं झालं तर त्यात थोडं नशीब असतं, पुढचं उड्डाण आपोआप नेहमीच्या पातळीकडे खाली येतं. फार वाईट झालं तर पुढचं आपोआप वर येतं. झापलं काय, पेढा दिला काय. याला सरासरीकडे परागमन म्हणतात, शब्द जड आहे पण आपल्या घरोघरी हेच चालतं, ताप १०३ वर गेल्यावर दृष्ट काढायची आणि दुसऱ्या दिवशी उतरला की मीठ-मोहऱ्यांना श्रेय.

उंटावरचा_शहाणा

खडूफळा सर, दृष्टीला नावं ठेवू नका, आमच्या आज्जीचा रेकॉर्ड शंभर टक्के होता 😄

ताई पण एक सांगू का, शास्त्रीय संगीताने बुद्धी वाढते हे सिद्ध झालेलं आहे, ते परदेशी संगीतकार मोझार्टचं ऐकलं नाही का, परदेशात गरोदर बायकांना ऐकवतात. तुमचे सर उगीच नियमावर बोट ठेवतायत.

अर्धवट_एमए

अरे शहाण्या, तेच तर उदाहरण आहे उलट्या बाजूचं. ते मूळ संशोधन १९९३ चं, 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात आलेलं, फ्रान्सेस राउशर आणि सहकारी. त्यात बाळंही नव्हती न गरोदर बायकाही नव्हत्या, ३६ कॉलेजची पोरं होती. त्यांना मोझार्टचा दोन पियानोंचा एक सोनाटा १० मिनिटं ऐकवला, नाहीतर रिलॅक्स व्हायची टेप ऐकवली, नाहीतर शांत बसवलं, आणि मग कागदाच्या घड्या घालून कापल्यावर कसा दिसेल असल्या टाईपची कोडी दिली. मोझार्टनंतर कोडी बरी सुटली, आणि तो परिणाम टिकला १०-१५ मिनिटं. बस्स एवढंच. पंधरा मिनिटं! आणि त्यावरून १९९८ साली अमेरिकेत जॉर्जियाच्या गव्हर्नरने राज्यात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला संगीताची कॅसेट किंवा सीडी द्यायला १ लाख ५ हजार डॉलर मागितले बजेटमध्ये.

मजा पुढे आहे. १९९९ मध्ये नँटे आणि शेलेनबर्ग या दोघांनी पोरांना एकदा मोझार्ट आणि एकदा, शांत बसवण्याऐवजी, रेकॉर्ड केलेली गोष्ट ऐकवली. तर ज्यांना गोष्ट जास्त आवडली त्यांना गोष्टीनंतर कोडी बरी सुटली, आणि ज्यांना मोझार्ट आवडला त्यांना मोझार्टनंतर. म्हणजे जादू मोझार्टची नव्हती, मूड बरा झाला आणि डोकं जागं झालं एवढंच. दहा मिनिटं गप्प बसवलेलं पोर पेंगलेलं असतं, त्याच्याशी तुलना केली की कोणीही हुशारच दिसणार. म्हणून नियंत्रित गट नुसता असून भागत नाही, त्या गटाला तुम्ही काय करायला लावता ते पण बघायला लागतं.

स्प्रे_नदीकाठी

मी बर्लिनमध्ये राहते, मानसशास्त्राशी संबंध नाही, सॉफ्टवेअरवाली आहे, पण हा धागा वाचून हान्स घोड्याची आठवण झाली आणि राहवेना.

इथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फॉन ओस्टन नावाचे निवृत्त गणिताचे मास्तर होते, त्यांचा घोडा गणितं सोडवायचा. पाच अधिक तीन विचारलं की खुराने आठ टकटक. तारखा सांगायचा, लोकं मोजायचा. मास्तर तिकीटबिकीट लावत नव्हते, मनापासून विश्वास होता त्यांचा. १९०४ साली चौकशी समिती बसली, त्यात कार्ल श्टुम्फ हे मानसशास्त्राचे प्रोफेसर, आणि सर्कसवाला सुद्धा होता कारण लबाडी पकडायला त्याच्यासारखा माणूस नाही. समिती म्हणाली लबाडी काही नाही.

मग श्टुम्फचा विद्यार्थी ओस्कार फुंग्स्ट बसला चिकाटीने. त्याने एकेक गोष्ट बदलून बघितली. मास्तरांऐवजी दुसऱ्याने प्रश्न विचारले, तरी घोडा बरोबर. घोड्याला झापडं लावली, प्रश्न विचारणारा दिसेनासा झाला की घोडा चुकायला लागला. आणि खरा डाव म्हणजे प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नाही असं केलं, की हान्सचं गणित संपलं. प्रश्न विचारल्यावर माणूस खुराकडे बघायला किंचित पुढे वाकायचा, टकटक बरोबर आकड्यावर आली की डोकं अगदी केसभर वर व्हायचं, माणसाला स्वतःला पत्ता नाही, घोड्याला दिसायचं. फुंग्स्टला सगळं कळल्यावरसुद्धा स्वतःचं डोकं हलायचं थांबवता येईना, हे मला सगळ्यात भारी वाटतं. त्याने हे १९०७ मध्ये छापलं.

तर ताई, पेपर कोणी तपासले? तुम्हीच ना? आणि तुम्हाला माहीत होतं हे 'नंतरचे' पेपर आहेत. सात आहे की एक आहे असा गचाळ आकडा आला असेल तेव्हा तुमचं डोकं कुठल्या बाजूला हललं असेल?

तानपुरावाली_ताई

अगं बाई. सात आणि एकचं तू कसं ओळखलंस. आमच्याकडे एक आहे, त्याचा सात कायम एकासारखाच असतो, आणि खरं सांगते मी दुसऱ्या वेळी "जाऊदे, सातच आहे" म्हणून मार्क दिला. पहिल्या वेळी दिला होता का ते आता आठवत नाही.

बाकी खडूफळा सर, तुम्ही विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं खालीलप्रमाणे, लाज वाटते पण सांगते. पेपर तोच होता. दुसऱ्या दिवशी दोघं गैरहजर, त्यातला एक अगदीच कच्चा. आणि हो, चाचणी वाईट गेली म्हणूनच तानपुरा सुचला. म्हणजे सगळ्याच खड्ड्यांत पडले मी.

पण सहसंबंधाचं अजून कळलं नाही. आणि पुढचं असं, माझी सकाळची आणि संध्याकाळची बॅच वेगळी आहे, सकाळी ९ मुलं, संध्याकाळी ९ मुलं. तर सकाळच्यांना तानपुरा लावते आणि संध्याकाळच्यांना नाही, असं चालेल ना? आपोआप दोन गट.

खडूफळा

नाही चालणार, आणि का नाही चालणार हे कळलं की अर्धा पेपर सुटला म्हणून समजा.

सकाळी कोण येतं तुमच्याकडे? दुपारची शाळा असलेली मुलं. संध्याकाळी कोण, सकाळची शाळा करून, जेवून, क्रिकेट खेळून घामाघूम झालेली. शाळा वेगळी, दमणूक वेगळी, कदाचित आईवडिलांच्या नोकऱ्याही वेगळ्या. सकाळची बॅच पुढे गेली तर ती तानपुऱ्यामुळे की ताज्या डोक्यामुळे? हे दोन धागे एकमेकांत असे गुंततात की सोडवताच येत नाहीत. असला गुंता करणारा जो तिसरा परिवर्तक असतो तो संशोधनाचा खरा शत्रू.

आणि सहसंबंध इथेच येतो. मुलं तुमच्याकडे आली तेव्हाच ती सकाळ-संध्याकाळमध्ये वाटली गेलेली आहेत, तुम्ही वाटलेली नाहीत. म्हणजे तुम्ही जगात आधीपासून असलेल्या दोन गोष्टी, बॅच आणि मार्क, एकत्र हलतात का तेवढंच बघताय. सरांनी 'सहसंबंध' त्या अर्थाने लिहिलंय, दोन गोष्टी एका पाठोपाठ घडल्या एवढंच तुमच्याकडे आहे. कोणाला काय मिळणार हे प्रयोग करणाऱ्याने चिठ्ठ्या टाकून ठरवलं तर तो प्रयोग.

चिठ्ठी का, तर चिठ्ठीला हुशार, ढ, दमलेला, ताजातवाना काहीच कळत नाही. म्हणून सगळ्या प्रकारची मुलं दोन्हीकडे साधारण सारखी पडतात, तुम्हाला माहीत असलेले फरकही आणि माहीत नसलेलेही. "साधारण" म्हटलं कारण १८ मुलांत चिठ्ठीसुद्धा कधीकधी फसवते.

परीक्षेसाठी एक लक्षात ठेवा, दरवर्षी मुलं इथे मार्क घालवतात. यादृच्छिक नमुना वेगळा आणि यादृच्छिक वाटणी वेगळी. अख्ख्या तालुक्यातल्या आठवीच्या मुलांतून चिठ्ठ्या टाकून १८ निवडली तर तो नमुना, त्यावरून तालुक्याबद्दल बोलता येतं. हाताशी असलेल्या १८ मुलांची चिठ्ठ्यांनी दोन गटांत वाटणी केली तर ती वाटणी, त्यावरून कारणाबद्दल बोलता येतं. तुमच्याकडे दुसरी होऊ शकते, पहिली नाही.

उंटावरचा_शहाणा

सहसंबंधाचं आमचं आवडतं, २०१२ साली डॉक्टरांच्या एका भारदस्त अमेरिकन साप्ताहिकात आलं होतं की जो देश चॉकलेट जास्त खातो त्याला दर कोटी लोकांमागे नोबेल जास्त. २३ देश, सहसंबंध ०.७९ (जास्तीत जास्त १ असतो)! स्वित्झर्लंड सगळ्यात वर. लिहिणारा डॉक्टर थट्टेतच लिहीत होता म्हणा पण पेपरवाल्यांनी "चॉकलेट खा हुशार व्हा" छापून टाकलं. श्रीमंत देशाकडे चॉकलेटलाही पैसा आणि प्रयोगशाळेलाही पैसा, संपला विषय.

तात्पर्य सहसंबंध फालतू 😎

अर्धवट_एमए

फालतू नाही रे, तुझं एक टोक सोडलं की दुसरं. सिगारेट आणि फुफ्फुसाचा कॅन्सर हे कसं कळलं? चिठ्ठ्या टाकून निम्म्या लोकांना वीस वर्षं सिगारेट ओढायला लावणार का कोणी? १९५० साली लंडनच्या हॉस्पिटलांत डॉल आणि हिल यांनी कॅन्सरच्या आणि दुसऱ्या पेशंटना विचारून तुलना केली, प्रयोग नव्हताच तो. मग वेगवेगळ्या बाजूंनी तीच गोष्ट परत परत निघत गेली तेव्हा लोकांनी मानलं. जिथे प्रयोग करणं शक्य नाही किंवा पाप आहे तिथे सहसंबंधच हाताशी असतो, फक्त घाई करायची नाही.

तसंच एकाच माणसाचा खोल अभ्यास. फिनियस गेज, १८४८ साली व्हरमाँटमध्ये रेल्वेचं काम करताना सुरुंग उडाला आणि लोखंडी पहार गालातून घुसून डोक्यातून आरपार गेली, माणूस जगला. असला प्रयोग कोणी करेल का? नाही. पण ती एक केस मेंदूच्या पुस्तकात पावणेदोनशे वर्षं ठाण मांडून आहे. जरी त्याचं वागणं पूर्ण बदललं वगैरे जे सांगतात त्यात पुढच्या लोकांनी बरंच मीठमसाला घातलेला आहे, एका केसचा हाच वांधा, गोष्ट रंगत जाते.

कोपऱ्यातला_श्रोता

मध्येच तोंड घालतो, 'चल' म्हणा ओ, 'परिवर्तक' काय. आम्ही स्वतंत्र चल (जो आपण बदलतो) आणि अवलंबी चल (ज्यावर परिणाम बघतो) असंच शिकलो.

खडूफळा

चल म्हणा, परिवर्तक म्हणा, जुन्या पुस्तकात परिवर्त्य पण सापडेल. ताईंनी त्यांच्या पुस्तकातला शब्द वापरावा, पेपर तपासणारा तोच शोधणार आहे.

त्यापेक्षा महत्त्वाचं राहिलं. ताई, तुम्ही लिहिलंत "एकाग्रता वाढते", मोजलीत काय? गुणाकार. एकाग्रता मोजलीच नाही. जी गोष्ट दिसत नाही ती कशावरून मोजणार हे आधी ठरवून लिहायचं, त्याला कार्यात्मक व्याख्या म्हणतात. "एकाग्रता म्हणजे ५ मिनिटांत २० गुणाकारांपैकी बरोबर आलेल्यांची संख्या" असं लिहा, मग वाचणारा म्हणू शकेल की बाई ही एकाग्रता नव्हे, हा पाठांतराचा मासला आहे. म्हणू दे, निदान भांडण कशावर आहे ते तरी कळेल.

विश्वसनीयता आणि यथार्थता पण इथेच. भाजीवालीचा काटा रोज बरोबर ५० ग्रॅम जास्त दाखवतो, आजही, उद्याही. काटा विश्वसनीय आहे, दर वेळी तेच सांगतो. पण खरं वजन सांगत नाही म्हणजे यथार्थ नाही. उलट असू शकत नाही, रोज मनाला येईल ते दाखवणाऱ्या काट्याकडून खऱ्या वजनाची आशा नाही.

तानपुरावाली_ताई

काट्याचं एकदम डोक्यात बसलं. बरं मग असं ठरवते, सांगा बरोबर का. ताज्या दमलेल्यांचा घोळ नको म्हणून पुढच्या शनिवारपासून शाळांना आठ दिवस सुट्टी आहे तेव्हा करते, सगळेच मोकळे. १८ चिठ्ठ्या डब्यात, ९ एकीकडे ९ दुसरीकडे. तानपुऱ्याचा गट माजघरात, दुसरा गट ओसरीवर, एकाच वेळी. पेपर दोन वेगळे पण सारख्या अवघडपणाचे. तपासायला लेक, तिला सांगणार नाही कोणता पेपर कोणत्या गटाचा.

स्प्रे_नदीकाठी

लेकीचं झकास! पण माजघरात पंखा आणि ओसरीवर रस्त्याचे हॉर्न, मग तुम्ही तानपुरा मोजताय की पंखा?

खडूफळा

हे बघा, न शिकलेल्यांनी पकडलं. खोली एकच ठेवा. एक गट ५ वाजता, एक ६ वाजता, दुसऱ्या दिवशी वेळा उलट. आणि अर्धे दिवस झाले की अदलाबदल करा, ज्यांना आधी तानपुरा त्यांना नंतर शांतता, ज्यांना आधी शांतता त्यांना नंतर तानपुरा. म्हणजे तुमचं पहिलं म्हणणं, "मुलं तीच होती", तेही जमेला येतं. सगळ्यांना एकाच क्रमाने दिलं असतं तर सराव आणि तानपुरा परत एकमेकांत मिसळले असते, उलटसुलट क्रमाने दिलं की सरावाचा फायदा दोन्ही बाजूंना सारखा वाटला जातो. याला प्रतिसंतुलन म्हणतात. कुठल्याच मुलावर अन्यायही होत नाही, सगळ्यांना दोन्ही मिळतं.

पालकांना विचारा. एक साधी चिठ्ठी, काय करणार, किती दिवस, नको असेल तर मूल बाजूला बसेल, आणि जर्नलमध्ये नावं नाहीत, मूल १, मूल २. तुम्ही म्हणाल तानपुऱ्याला कसली परवानगी. सवय असलेली बरी. १९२० साली वॉटसन आणि रेनर यांनी एका तान्ह्या मुलाला पांढरा उंदीर दाखवून पाठीमागे लोखंडी कांबीवर हातोडा मारला, मूल उंदराला भ्यायला लागलं, आणि ती भीती घालवायचं राहूनच गेलं, आई मुलाला घेऊन निघून गेली. १९६१ ला येलमध्ये मिलग्रमने लोकांना समोरच्याला विजेचे झटके द्यायला सांगितलं, झटके खोटे होते पण देणाऱ्यांना खरे वाटत होते. पहिल्या गटातले ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टच्या शेवटच्या बटनापर्यंत गेले. घामाने थबथबलेली, थरथरणारी माणसं. त्यातून केवढं कळलं, पण त्या २६ जणांना घरी जाऊन झोप कशी लागली असेल? आजचे नियम असल्याच प्रयोगांवरून वाद होऊन घडत गेले.

कोपऱ्यातला_श्रोता

एवढं सगळं करून पण मानसशास्त्रातले निकाल टिकत नाहीत ना? २०१५ ला १०० प्रयोग परत करून बघितले तर जेमतेम ३६ टक्के परत निघाले असं वाचलं. मग हे शास्त्र कसलं, आमच्या गल्लीतला ज्योतिषी बरा.

अर्धवट_एमए

ज्योतिष्याने कधी स्वतःची १०० भाकितं परत तपासून "आमची ६४ चुकली" असं जाहीर केलंय का? तो आकडा मानसशास्त्रवाल्यांनीच काढलाय, २७० लोकांनी मिळून. आणि दुसरी चूक पण त्यांनीच दाखवली, की मोठ्या मासिकांतल्या अभ्यासांत ९६ टक्के माणसं ज्या देशांतली होती त्या देशांत जगाची फक्त १२ टक्के लोकसंख्या राहते. आपलं कोपरगाव किंवा कणकवली त्यात कुठे? नाहीच जवळपास.

आणि टिकलेलंही आहे की. एबिंगहाउसने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून अर्थहीन अक्षरं पाठ केली आणि किती वेळात किती विसरतो त्याचा आलेख काढला, २०१५ मध्ये नेदरलँडमध्ये तोच प्रयोग परत केला तर आलेख जवळजवळ तसाच आला. स्ट्रूपचा १९३५ चा तर घरात बसून करता येतो. हिरव्या स्केचपेनने "लाल" लिहा, निळ्याने "पिवळा", अशी वीसेक, आणि शब्द न वाचता शाईचा रंग पटापट सांगायचा. कोपऱ्यातल्या, कर आत्ता, मग बोल ज्योतिषाचं.

कोपऱ्यातला_श्रोता

केलं. बायकोने घड्याळ लावलं. तिसऱ्याच शब्दाला "ला... नाही, हिरवा" झालं. मागे घेतो शब्द.

तानपुरावाली_ताई

मंडळी, झालं एकदाचं. उशीर झाला सांगायला कारण मध्ये पाहुणे होते.

१८ पैकी एकाच्या आईने नको म्हटलं (तिला वाटलं मोबाईल हातात देणार), म्हणून १७. चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात, पोरांनीच ओढल्या, "ताई मला तानपुऱ्यातलं द्या" म्हणून दोघं भांडली, तेव्हा कळलं चिठ्ठी का लागते. ज्याला जे हवं ते दिलं असतं तर गाण्याच्या क्लासला जाणाऱ्या सगळ्या हुशार मुली एकाच बाजूला गेल्या असत्या. लेकीने पेपर तपासले, मागच्या बाजूला मी पेन्सिलने खूण केली होती ती तिला कळली नाही. सातवाल्याचे चार सात तिने सरळ चूक दिले, दोन्ही वेळा.

निकाल, तानपुरा असताना सरासरी १३.२, नसताना १३.५. म्हणजे काहीच नाही, उलट ०.३ मार्काने कमी. वाईट वाटलं हो. पहिल्या वेळचे ते ३ मार्क किती गोड होते. पण पहिल्या पेपरपेक्षा दुसरा पेपर दोन्ही गटांना बरा गेला, तानपुरा असो नसो, म्हणजे ते सगळं सरावाचं होतं.

सरांना दाखवलं. 'प्रयोग' शब्द तसाच ठेवला त्यांनी, खाली बरोबरची खूण पण केली. पण मी शेवटी लिहिलं होतं "यावरून सिद्ध होते की तानपुऱ्याचा काहीही परिणाम होत नाही", तर आता 'सिद्ध होते' वर लाल रेघ.

खडूफळा

हा हा हा, सर चांगले आहेत तुमचे, त्यांना माझा नमस्कार सांगा. १७ मुलांत लहानसा परिणाम असला तरी दिसणार नाही, दुर्बीण छोटी असली की तारा नाही असं नसतं. "या १७ मुलांच्या गुणांत फरक आढळला नाही" एवढं लिहा.

तानपुरावाली_ताई

तसंच लिहिते, सोमवारी जर्नल जमा करायचंय. आणि तानपुरा परत लावलाय कालपासून, पोरांनीच मागितला. मलाही बरं वाटतं त्यात पाढे तपासायला.

उंटावरचा_शहाणा

पट्टी कुठली लावता?

तानपुरावाली_ताई

काळी चार.